भिंत संपते तिथं

प्रिय दादा,

समुद्राकाठच्या भिंतीवरचे दिवे बंद असल्याची तुझी तक्रार पोचली. परिषदेच्या अध्यक्षांना उद्देशून, वर 'महोदया' घालून पाठवलीस, म्हणून आधी अध्यक्ष म्हणून उत्तर देते, मग बहीण म्हणून. खाऱ्या वाऱ्यानं तारा सडल्या आहेत. त्या बदलायला वायरमन लागतो. आमचा निवृत्त झाला, त्याची जागा वरून भरलेली नाही. शेजारच्या परिषदेचा उसना आणतो, तेव्हा तो आधी दवाखान्याचा पंप बघतो. तुझ्या पाहुण्यांना समुद्रावर फिरताना अंधार वाटतो, हे मी त्याला सांगितलं. तो हसला. मीही हसले. फार राग आला की मला हसू येतं, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

कचेरीत तू भिंतीच्या उद्घाटनाच्या दिवशी आलास, तेव्हा आम्ही छतावरचे ओले डाग पडद्यानं झाकले होते. पडदा आता काढलाय. कॉम्प्युटरवर प्लास्टिक घालून काम चालतं. अभियंता चार परिषदांत मिळून एकच, त्यामुळे आमच्या वाट्याला येतो तो दिवस त्याचा सह्या करण्यात जातो. ट्रॅक्टरही एकच. सकाळी कचरा नेतो, दुपारी पिण्याचं पाणी. मधे धुतो, घाबरू नकोस. नवा ट्रॅक्टर मागितला तर म्हणतात, स्वागतकमान मागा, तिला निधी आहे. नवं काही बांधायचं असलं की वरून गाड्या भरून माणसं येतात. बांधलेलं दुरुस्त करायचं म्हटलं की सगळे कानावर हात ठेवतात. आणि शिव्या खायला मी आहेच. बाजारात भाजी घ्यायला थांबले तरी कोणीतरी म्हणतंच, "काय अध्यक्षबाई, आमच्या नळाला आज तरी पाणी सोडणार का?"

आता भिंतीबद्दल. आम्ही भिंत मागितलीच नव्हती, दादा. टेकडीपासून खाडीच्या तोंडापर्यंत सगळ्या किनाऱ्यावर वाळूची भर घालायची आणि मागे दाट झाडी लावायची, असा आमचा आराखडा होता. अभियंत्यानं सुट्टीच्या दिवशी घरी बसून काढलेला. तो वर जाऊन पडला. मग तू फोन केलास. "एका फोनचं काम होतं, तुम्ही लोक उगाच अर्ज खरडत बसता," असं तू मला ऐकवलंस. आराखडा बाजूला पडला आणि भिंत आली. टेकडीपासून निघाली ती तुझ्या बंगल्याच्या कुंपणापर्यंत आली आणि तिथं निधी संपला. आम्ही बैठकीत एकमतानं विरोध नोंदवला. खात्याचे साहेब म्हणाले, "बाई, वरून आलंय, तुमचं मत विचारलेलं नाही." आमच्या तोंडाला पानं पुसली आणि फीत कापायला तुला बोलावलं.

समुद्राला फीत कळत नाही. भिंतीवर आपटलेलं पाणी तिला घासत पुढं सरकतं आणि भिंत संपते तिथली वाळू ओढून नेतं. भिंतीच्या टोकाला काय आहे, ते तुला सांगायला नको. खालची आळी आहे. आपण तिथंच वाढलो. ओटीवरून पळत निघालो की पाण्यापर्यंत पोचेतो धाप लागायची, वाळू इतकी तापायची की तू मला पाठीवर घ्यायचास आणि अर्ध्यात टाकून पळायचास. बाबा जाळं विणता विणता हसायचे. ती वाळू आता नाही. आधी होड्या ओढून ठेवायची जागा गेली. मग विहिरीकडची वाट गेली, मग विहीर खारट झाली. आता भरतीला आईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर पाणी उडतं आणि ती ते फडक्यानं पुसते.

तिला तुझ्या बंगल्यात परकं वाटतं, म्हणून ती तिथं गेली नाही आणि तू एकदा विचारून हात झटकलेस. ते जाऊ दे. ती रोज सकाळी ओटीवरची वाळू झाडते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "माझ्या थोरल्यानं भिंत आणली म्हणून आपण वाचलो, नाहीतर कधीच वाहून गेलो असतो." आळीतले लोक ऐकून घेतात. भिंतीनं काय केलं ते त्यांना दिसतं, पण तिच्या तोंडावर तुझं नाव घेऊन बोलायचं सगळ्यांच्याच जिवावर येतं. मी बोलले. तर मला म्हणाली, "तुला लहानपणापासून त्याचं कौतुक बघवत नाही."

आता खरं कारण. अमावास्येच्या उधाणाला आळी उभी राहणार नाही, असं अभियंत्यानं लेखी दिलंय. वरच्या माळावरची शाळा मी राहण्यासाठी तयार करून घेतली आहे. घरं सोडण्याच्या नोटिसांवर माझी सही आहे, आणि आळीतलं पहिलं घर आईचं. शिपाई नोटीस घेऊन गेला तर तिनं त्याला बसवलं, चहा पाजला आणि कागद घडी घालून त्याच्या खिशात परत ठेवला. म्हणाली, "साहेबांची आई आहे मी. चुकीच्या घरी आलास, बाळा." त्यानंतर आळीतल्या एकाही घरानं नोटीस घेतली नाही. म्हणतात, भिंतवाल्याची आई राहतेय म्हणजे त्यानं तिला आतली काहीतरी खबर दिली असणार, ती हलेल तेव्हा आम्ही हलू. ओढून काढायला मी पोलीस बोलावू शकते. आईपासून सुरुवात करू का? म्हणून तू ये. दिवे नकोत, निधी नको, कोणाला फोनही करू नकोस. अमावास्येच्या आधी ये, आईच्या ओटीवर बस आणि भिंतीमुळे समुद्र तिच्या दारात आला, हे तुझ्या तोंडानं तिला सांग. हळू सांगून चालणार नाही, तिला हल्ली कमी ऐकू येतं. ओरडूनच सांगावं लागेल, सगळ्या आळीला ऐकू जाईल इतकं. मला तेच हवंय.

वाट बघणारी, रागावलेली, तरी तुझीच
धाकटी