फौजेत चाललेल्या मुलीचं केळवण

भीमपूर, रविवार

आदरणीय महिपतमामांस,
भाची दीक्षाचा सविनय जयभीम.

मामींच्या गुडघ्याला आराम पडला असेल अशी आशा आहे. तुमचा आवाज अजून घरातून तुमच्या मावला गावच्या चौकापर्यंत पोचत असेल, याबद्दल मात्र शंका नाही. इकडे आम्ही मायलेकी खुशाल आहोत. त्यातली मी जरा जास्तच खुशाल आहे आणि अडचण तीच आहे. “फोनवर कोणीही थापा मारतं, दर आठवड्याला कागदावर अहवाल पाठव,” असा तुमचा निवृत्त हवालदारी हुकूम असल्यामुळे हे लिहिते आहे. (मागचे दोन अहवाल टपालात हरवले असावेत. निदान मी तरी तसंच म्हणणार आहे.)

तुम्ही आखून दिलेला कार्यक्रम मी पाळते आहे, यावर विश्वास ठेवा. पहाटे पाच किलोमीटर पळते, परत आल्यावर चाळीस जोर काढते, मग दोरीवरच्या उड्या मारते. खोट पळण्यात नाही, पळून झाल्यावर आहे. लष्करी पोलिसात माझी निवड झाली आणि फाट्यावर माझ्या फोटोचा फलक चढला, वर आपल्या तेलंगण सरकारच्या तेलुगूत, खाली गावाच्या मराठीत (आडनाव दोन्हीकडे चुकलं आहे, तेही वेगवेगळं). मुलगी फौजेत चालली तर गावानं काय करायचं असतं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण आजवर गावातून अशी मुलगी गेलीच नव्हती. शेवटी शेजारच्या आशाबाईंनी निकाल दिला, “पोरगी नवऱ्याच्या घरी गेली काय अन् सरकारच्या घरी गेली काय, घर तं सोडूनच राह्यली नं? मंग केळवन काऊन नाही?”

झालं. तीन आठवड्यांत माझी एकोणीस केळवणं झाली आहेत. नवरीचं एक बरं असतं, लग्नाच्या दिवशी तिला कोणी पळायला लावत नाही. बरं, एका घरी जेवून दुसऱ्या घरी नाही म्हटलं की ते घर आपल्या आईशी वर्षभर बोलत नाही. म्हणून मी सगळीकडे जेवले. पाटवडीचा रस्सा, तुपात बुडालेली पुरणपोळी, वडे, शेवया, आणि वर “फौजेत काय देतीन माय तुले, खाय” असा आग्रह. घरं चुकवायला म्हणून कापसाच्या शेतांमधून पळू लागले, तर वेचणीला आलेल्या बायांनी बांधावरच भाकर सोडली. (त्या ठेच्यासमोर तुम्हीसुद्धा थांबला असता मामा, उगाच मिशी फुरफुरवू नका.) प्रत्येक घरानं ओटी भरली ती वेगळीच. सात साड्या जमल्या आहेत. ट्रेनिंगमध्ये साडी चालते का, तेवढं कळवावं.

आता वजनाचं. निवडीच्या दिवशी मी चौपन्न किलो होते. तिथे पोचल्यावर पुन्हा वजन होतं आणि माझ्या उंचीला अठ्ठावन्नच्या वर गेलं तर माघारी पाठवतात, असं तुम्हीच आमच्या ओट्यावर बसून सांगितलं होतं. गावात माणसं तोलायचा काटा नाही, म्हणून मागच्या आठवड्यात कापसाचे व्यापारी चंपतराव यांच्या काट्यावर चढले. मागे कापसाच्या गाड्यांची रांग, पुढे मी. चंपतरावांनी चष्मा वर करून सगळ्यांना ऐकू जाईल असं “सत्तावन!” म्हटलं. मी आठवडाभर निवांत जेवले. काल पुन्हा गेले आणि या वेळी आकडा स्वतः वाकून पाहिला. एकसष्ट! चंपतराव मात्र म्हणत होते, एकोणसाठ. विचारलं तर म्हणाले, “कापसातल्या ओलाव्याचे दोन किलो कापतोच नं मी. हाताले सवय हाय.” मी घामानं भिजून आले होते हे खरं, पण म्हणून काय मामा!

म्हणजे तीन किलो जास्त आणि हातात एकवीस दिवस. एवढी मस्करी करते आहे, पण आतून घाबरले आहे. बाबा गेल्यापासून आईनं दुसऱ्यांचा कापूस वेचून मला शिकवलं. ही नोकरी मला फार हवी आहे. फलकावर चढून बसल्यावर माघारी कोणत्या तोंडानं यायचं?

मामींना जयभीम सांगावा.

तुमची (पळण्यापुरती) आज्ञाधारक,
दीक्षा

ता. क. : पळायचे बूट फाटले आहेत. सात साड्यांच्या बदल्यात मामी एक जोड बूट देतील का, हळूच विचारून पाहा.

आणखी एक ता. क. : पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा उघडते आहे. आज आशाबाईंच्या तोंडून निसटलं. केळवणाची कल्पना त्यांची नव्हतीच. “तुयी मायच घरोघरी फिरली नं वं. म्हने, माया पोरीले पोटभर जेवाले घाला, पन मायं नाव सांगू नोका.” मी तडक घरी आले. आई भाकरी थापत होती. तिनं काही लपवलं नाही. म्हणाली, “हो, म्याच सांगतलं. वजन वाढलं तं तुले वापस पाठवतीन, तुया मामानंच सांगतलं होतं.” एवढं बोलून तव्यावरची भाकर उलटायची विसरली आणि ती करपली. मी रागावणार होते मामा, खूप रागावणार होते. पण तिनं करपलेली स्वतःच्या ताटात घेतली, चांगली माझ्या ताटात वाढली, मग तीही मोडून अर्धी परत काढून घेतली. “अर्धीच खाय आता,” म्हणाली, “तीन किलो उतरवाचे हाय नं.”

शेवटचं : बूट राहू द्या. मी निघेन त्या दिवशी मला सोडायला येऊ नका, मामींना घेऊन आईजवळ या. मी संध्याकाळी गावात फिरून आले. माझी गाडी सुटली की त्या एकोणीसही घरांनी पाळीपाळीनं आईला जेवायला बोलवायचं, असं ठरवून आले आहे. विसावं घर तुमचं धरलं आहे. माझं नाव सांगू नका.