उरलेली एक खाकी

४ डिसेंबर

भाऊ आला होता. दोन वर्षांनी! बहीण जिवंत आहे का ते बघायला नव्हे — जॅकेट आहे का ते विचारायला.

त्याच्या स्काउट पथकाचा मोठा समारंभ आहे म्हणे. गणवेशाचा इतिहास मांडणार. आधी खाकी जॅकेट, मग हिरवं, आता निळं. हिरवी-निळी ढिगाने मिळाली. खाकी औषधालाही नाही. "अक्का, तुझ्याकडेच असेल ते एक."

असणारच. तुमच्यासारखी मी पातेल्यात नव्हती घातली अक्कल.

५ डिसेंबर

खाकी का उरली नाही, ते मला विचारा. वरून हुकूम आला — यापुढे हिरवं. नवं शिवायची ऐपत कुणाची होती? घरोघरी पातेली चढली, खाकी जॅकेटं हिरव्या रंगात उकळली. पक्का रंग म्हणून दुकानदाराने गळ्यात मारलेला. पहिल्याच शिबिरात पाऊस झोडपला आणि पोरं पोपट होऊन घरी आली! आया आठवडाभर माना घासत होत्या.

भाऊचं तेवढं वाचलं. त्याला आखूड झालेलं, आणि मी ते घालून बर्फाच्या कारखान्यात जात होते. माझ्या अंगावरचं कोण उकळणार?

७ डिसेंबर

सून म्हणते, "देऊन टाका ना आई. पेटीत पडून काय उपयोग?"

तिला काय सांगू! चौथीतून मला काढलं, धाकट्याला ठेवलं. त्याने कवायत करायची, मी त्याचं जॅकेट धुवायचं, इस्त्री करायची. बिल्ला मिळाला की शिवायचा मीच. जॅकेट माझ्याकडे आलं तेव्हा मात्र त्याने बिल्ले उसवून घेतले — "ते माझे आहेत." छातीवर त्यांच्या जागा अजून गडद आहेत. बाकी सगळं विटलं.

बर्फाच्या लाद्या कोपराने रेटायच्या. बाह्या फाटल्या. मी चामड्याची ठिगळं लावली. त्या ठिगळांवर तीन पोरं वाढली.

९ डिसेंबर

दिलं. पण अट घालून. पाटीवर माझंही लिहायचं, की पुढे हे हिने कारखान्यात घातलं.

"लिहितो की अक्का, त्यात काय!"

त्यात काय, म्हणे.

१३ डिसेंबर

गुडघे दुखतात. बाकी काही नाही.

१८ डिसेंबर

हॉलवर जाऊन आले. नसते गेले तर बरं झालं असतं.

काचेच्या कपाटात टांगलंय. माझी ठिगळं उसवली! कोपराला खाकी कापड लावलंय, रंगाला रंग जुळवून. छातीवर भाऊचे बिल्ले परत. पाटीवर त्याचं नाव, त्याचं पद, त्याची शिबिरं. चष्मा पुसून पुन्हा वाचली. मी कुठेच नाही.

भाऊ तिथेच होता. म्हणाला, "अक्का, हा पथकाचा इतिहास आहे. बर्फाच्या कारखान्याचा नाही."

"आणि ठिगळं?"

"मूळ रूप नको का दाखवायला?"

मूळ रूप! मेल्या, तू एक हिवाळा मिरवलंस. माझी जवानी त्यात गारठली.

हे बोलले नाही. चारचौघं होती. कमिटीतली एक बाई चहा पुढे करत होती — "बसा ना आजी." चहा गारढोण. तोही गिळला.

१९ डिसेंबर

फोन करून विचारलं, ठिगळं कुठायत. कचऱ्यात गेली म्हणे.

सून म्हणाली, "जाऊ द्या आई."

जाऊ द्या, जाऊ द्या म्हणतच म्हातारी झाले.

२१ डिसेंबर

समारंभ झाला. मला पहिल्या रांगेत खुर्ची, वक्त्यांची बहीण म्हणून. भाषणांआधी लोक चहावर तुटून पडले तेव्हा मी कपाटाशी गेले. कुलूप नव्हतं — असलं जुनेर कोण नेणार! अंगात घातलं आणि जागेवर येऊन बसले.

भाऊ भाषणाला उठला. "सुरुवातीला आमचं जॅकेट…" म्हणत कपाटाकडे हात केला. रिकामं! मग त्याला मी दिसले. मी वरचं बटण लावलं.

त्याने कागद उलटला आणि थेट हिरव्यापासून सुरुवात केली.