हे अजून आत आहेत का?

प्रिय दादा,

आज सकाळपासून फोन करतेय, तू उचलत नाहीस, म्हणून हे लिहितेय. शेजारचा टॅक्सीवाला तुझ्याच बाजूला निघालाय, त्याच्या हाती देते. हॉस्पिटलच्या जिन्याखालच्या बाकड्यावर बसलेय, मांडीवर कागद धरून, तेव्हा अक्षर सांभाळून घे.

ह्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. आठवडा झाला, सकाळी शीतगृहात कामावर निघाले होते. एक बूट चढवला, दुसऱ्याची नाडी बांधता बांधता म्हणाले, अगं, डोकं जड झालंय, आणि तिथेच कलंडले. तेव्हापासून मशीन श्वास देतंय. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, मेंदू गेलाय, पुन्हा पुन्हा तपासलं, हृदय चालतंय ते मशीनच्या जोरावर. मी विचारलं, मग माणूस कुठे आहे? त्या म्हणाल्या, ते आम्हाला शिकवत नाहीत हो.

तुझी भाची गोष्टीचं पुस्तक घेऊन दारात उभी असते. बाबा आत असतील तर वाचून दाखवते, म्हणते, आणि देवाकडे गेले असतील तर कोणाला वाचू? म्हणून बायबल काढलं, तुझंच, पेन्सिलीच्या खुणांचं, आणि वेड्यासारखी पानं उलटत बसले. देवाने मातीच्या माणसाच्या नाकात श्वास फुंकला नि तो जिवंत झाला. मरताना माती मातीला मिळते, श्वास देणाऱ्याकडे परत जातो. पण दादा, ह्यांच्या नाकात श्वास फुंकतंय ते मशीन. देवाचा श्वास त्याच्याकडे परत गेला का, हे मी कशावरून ओळखू? बायबलातला उपदेशक म्हणतो, मेलेल्यांना काहीच कळत नाही. पौल म्हणतो, देहातून निघालं की थेट प्रभूजवळ. शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला येशू म्हणतो, आजच माझ्याबरोबर असशील. आणि मेलेल्या लाजराबद्दल म्हणतो, झोपलाय. तो लाजर कबरेतून उठून बाहेर आला, तर एकानेही त्याला विचारलं नाही, इतके दिवस होतास कुठे म्हणून. मी असते तर जेवायला वाढायच्या आधी तेच विचारलं असतं.

नवे पाळक येऊन गेले. भला माणूस आहे. ताई, काळजी सोडा, आत्मा केव्हाच प्रभूच्या कुशीत गेला, म्हणाले. सासूबाईंनी मान डोलावली. ते जिना उतरले तशी माझं मनगट घट्ट धरून विचारतात, केव्हाच म्हणजे केव्हा गं? मग काल मी ओल्या फडक्याने ज्याचे पाय पुसले तो कोण? त्यांचा हात गार पडला होता. ह्यांचा मात्र ऊबदार आहे, दादा. दाढीसुद्धा वाढतेय. मी ती करून देते, आणि गालाला पातं लागेल म्हणून जपते.

वहिनीला कबरस्तानात पोचवायला गेलो होतो, ते डोळ्यांसमोरून हलत नाही. तू पाळकाचा झगा घालून उभा होतास. मातीला माती, इतकं म्हणालास आणि थांबलास. लोक वाट बघत राहिले. मग पुस्तक मिटून म्हणालास, ती कुठे आहे ते मला माहीत नाही, आणि फाटकातून चालत निघून गेलास. मंडळीतल्यांनी तोंडाला येईल ते बोलून घेतलं. पण माझ्या कानांना त्या दिवसातलं तेवढं एकच वाक्य खरं वाटलं होतं.

उत्तर मागायला हे लिहीत नाही. उत्तरं देणारे पुष्कळ येऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तुमचं कोणी यायचंय का? मी म्हटलं, भाऊ यायचाय, तोवर मशीन बंद करू नका. त्यांनी कबूल केलं. म्हणजे तू आलास की ते बंद होणार, आणि हे ठाऊक होतं म्हणूनच तुला कळवायचं मी इतके दिवस टाळलं. आता ह्यांच्या अंगाची कातडी सोलवटायला लागलीय, मला ते बघवत नाही. ये. प्रार्थना करू नकोस, करावीशी वाटली तर कर. ह्यांचा एक हात मी धरीन, दुसरा तू धर. टॅक्सीवाल्याला सांगितलंय, दादाला घेऊनच परत ये.

तुझीच,
बारकी