खडू संपल्याचा दिवस

२८ फेब्रुवारी १९६१, मंगळवार

सकाळी दारातला फळा लिहिला. दिनविशेष: यंदा फेब्रुवारी आजच संपतो. नवल: २९ फेब्रुवारीला जन्मलेल्याचा वाढदिवस चार वर्षांनी एकदा येतो. गंमत ढोके मास्तरांनी घातली: ‘मग त्याने म्हातारे व्हावे तरी कधी?’

बारा वर्षे झाली हा फळा लिहितो. पोरांपेक्षा गावच जास्त वाचते. पोस्टमन सायकल टेकवून वाचतो. गणपत न्हावी गिऱ्हाइकाला अर्धे सोडून येतो.

मधल्या सुटीत पोरे मागे लागली, ‘गुरुजी, माह्या वाढदिवस कवा येते?’ ढोके मास्तरांनी हौसेने दाखलखारीज रजिस्टर काढले. निम्म्या शाळेचा जन्म १ जुलै. पोट धरून हसले. ‘हेडमास्तर, सारं गाव एकाच दिवशी बाळंत झालं काय?’

त्यांना इथे येऊन दोनच वर्षे झालीत. आईबाप तारीख सांगत नाहीत, ‘तुरी सोंगत होतो तवा’ असे सांगतात. मग शाळा उघडण्याची तारीख आम्हीच लिहितो. मीही हसल्यासारखे केले.

६ मार्च, सोमवार

होळीची सुटी संपली. फळा: शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो. गणपत म्हणाला, ‘असे दोघं तर ग्रामपंचायतीतच हायेत.’ नावे सांगितली नाहीत. सगळ्यांना कळली.

दुपारी तांड्यावरचा थावरा राठोड आला, सोबत त्याची जमना. गेल्या साली सातवी पास. तांड्यातून सातवी झालेली पहिली मुलगी. वर्षभर घरी आहे, सकाळी शेतात आणि दुपारी लिंबाखाली तांड्यातल्या पोरांना बाराखडी शिकवते. तिला मास्तरीण व्हायचे आहे. यवतमाळला मुलींच्या ट्रेनिंगचे अर्ज निघालेत. अट: १ जूनला सोळा वर्षे पूर्ण हवीत. दाखल्यावर तिचा जन्म १ जुलै १९४५.

एक महिना कमी.

‘पुढच्या साली जा,’ मी म्हणालो. थावरा जमिनीकडे पाहत राहिला. जमनाच बोलली, ‘पुढच्या साली लगीन हाय माह्यं, गुरुजी. ट्रेनिंगले लागली तर बा थांबतो म्हणते. नाई तर नाई.’

पाहतो म्हणालो.

७ मार्च, मंगळवार

फळा: उंटाच्या मदारीत पाणी नसते, चरबी असते.

जमनाची खरी तारीख मला ठाऊक आहे. १७ एप्रिल १९४५. आठ वर्षांपूर्वी नाव घालायला आणली तेव्हा थावराने सांगितली होती. तारीख म्हणून नाही. ‘तुमच्या बाई गेल्या, त्याच दिशी.’ मी टाक बुडवला आणि १ जुलै लिहिले. इतर पोरांची खरेच माहीत नव्हती म्हणून लिहिली. हिची माहीत असून लिहिली.

हे कुठे तरी लिहून ठेवावे म्हणून इथे लिहिले. वाटले काहीच नाही.

१५ मार्च, बुधवार

थावराला शाळेत बोलावून विचारले, पोरीचा जन्म नक्की कधीचा? त्याने डोक्यावरचा पटका सोडला, पुन्हा बांधला.

‘आमाले काय ठावं तारीख, गुरुजी. मोहाची फुलं पडून राह्यली होती, येवढंच ध्यानात हाये.’

‘अजून काही?’

‘नाई.’

खोटे बोलतो हे त्यालाही कळत होते, मलाही. स्वतःच्या पोरीचे वर्ष बुडत आहे आणि हा मला जपतो आहे. रागच आला. कोणाचा, ते नीट सांगता येत नाही.

जाताना म्हणाला, ‘तुमी कायले जिवाले लावून घेता? तिच्या नशिबात असन ते होईन.’

२१ मार्च, मंगळवार

फळा: आज दिवस आणि रात्र सारखी. पाटलांनी घड्याळ लावून तपासणार असे जाहीर केले.

माझ्या कात्रणवहीत वर्षाच्या प्रत्येक तारखेला एक पान आहे. वर्तमानपत्रे, जुनी मासिके, पंचांगाची पाठ, मिळेल तिथून कापून डकवतो. ढोके मास्तर चाळत होते. ‘१७ एप्रिलचं पान कोरं काहून?’

‘काही मिळालं नाही.’

‘बारा वर्षांत?’

तेवढ्यात चौथीतली एक चिमुरडी मध्येच म्हणाली, ‘त्या दिशी खडू संपतात ना, गुरुजी.’

दरसाल त्या दिवशी मी फळा पुसून कोरा ठेवतो आणि खडू संपले म्हणून सांगतो. पोरांना तो सणवारासारखा ठाऊक झाला आहे. मोठ्यांना कारण ठाऊक आहे, ते काही बोलत नाहीत. ढोके मास्तरांनी वही मिटून जागेवर ठेवली. त्यांनाही कोणी तरी सांगितले असावे.

२ एप्रिल, रविवार

शाळाखात्याच्या डेप्युटी साहेबांना लिहून विचारले होते, त्यांच्या कचेरीतून काल उत्तर आले. जन्मतारखेची दुरुस्ती होऊ शकते. हेडमास्तरने कारणासह लिहून द्यावे, ‘तारीख कशावरून माहीत’ हा रकाना भरावा, लेखी पुरावा जोडावा. हे सगळे कागद ट्रेनिंगच्या अर्जाबरोबर २० एप्रिलच्या आत यवतमाळला पोचायला हवेत.

लेखी पुरावा कुठला आणायचा? कोतवालाच्या बुकात गावचे जन्ममृत्यू आहेत, तांड्याचे कोणी लिहिलेच नाहीत. त्या तारखेला गावात एकच नोंद आहे. ती म. च्या मृत्यूची.

म्हणजे पोरीच्या जन्माचा पुरावा तोच. आणि दोन्ही गोष्टी एकाच दिवशी झाल्या हे सांगू शकणारी एकच बाई जिवंत आहे. सगुणामाय. सुईण.

रकाना कोरा ठेवून फॉर्म टेबलाच्या खणात घातला.

५ एप्रिल, बुधवार

सकाळची शाळा सुरू. फळा: मधमाशीला पाच डोळे असतात. पोरांनी दिवसभर एकमेकांचे डोळे मोजले.

जमना येऊन गेली. काही विचारले नाही. सहावीच्या जुन्या भूगोलावर कव्हर घालून आणले होते, तांड्यातल्या पोरांसाठी नकाशा मागायला. दिला. दारात थांबून म्हणाली, ‘गुरुजी, एका महिन्यानं माणूस मास्तर होते का नाई ते कसं ठरते?’

मी म्हणालो, सरकार ठरवते. साफ खोटे. मीच ठरवले होते, आठ वर्षांपूर्वी.

९ एप्रिल, रविवार

सगुणामायच्या घरी गेलो. सोळा वर्षांत पहिल्यांदा. रस्त्यात दिसली तर मी दुसरीकडे पाहायचो, तीही पदर ओढून कडेने जायची. आता डोळ्यांनी कमी दिसते. आवाजावरून ओळखले. उठू लागली. बसा म्हणालो.

मी काही विचारायच्या आधीच बोलू लागली.

‘तुमचा सांगावा आला, मास्तर, तवा तिकडं तांड्यावर पोरीचं डोक्सं दिसून राह्यलं होतं. हात घातलेला मी. सोडून कशी येऊ? पोर बाहीर आली, नाळ बांधली अन् तशीच पळाली मी. चप्पल बी नाई घातली. भर दुपार होती. दारात आली तर तुमी ओट्यावर बसलेले. मले वाटलं बरं झालं, पोचली. मंग तुमच्या तोंडाकडं पाह्यलं.’

मला माहीत आहे, म्हणालो.

‘सोळा साल झाले, तुमी एक बोल बोलले नाई. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.’

शिव्या द्यायच्या होत्या, हे खरे. एक वर्ष, दोन वर्षे. मग ते सुकून गेले आणि न बोलण्याची सवय तेवढी उरली. तिला तसे सांगायला हवे होते. नाही सांगितले.

कागद वाचून दाखवला. ‘जमनाच्या कामाचा हाय न?’ एवढेच विचारून तिने डावा अंगठा पुढे केला. शाई मी लावली. जागा तिला दिसेना, म्हणून तिचा हात माझ्या हातात धरून टेकवला. चहा ठेवला होता तिने, गुळाचा. पूर्ण प्यालो.

१३ एप्रिल, गुरुवार

काल संध्याकाळी पाटलांच्या रेडिओवर ऐकले. फळा: रशियाचा माणूस पृथ्वीला एक फेरी मारून सुखरूप खाली आला. लागलेला वेळ १०८ मिनिटे.

अशी गर्दी फळ्यासमोर कधी झाली नव्हती. पोस्टमन म्हणाला, ‘वरून आपलं गाव दिसलं असन का?’ गणपत म्हणाला, ‘दिसलं असन, म्हणून तर उतरला नाई.’ सगळे हसले. मीही हसलो, बहुतेक खरेच.

तांडा ते आमचे घर दीड मैल.

१५ एप्रिल, शनिवार

शाळा सुटल्यावर मोटारीने दारव्ह्याला, तहसील कचेरीत. कोतवाल बुकाची नक्कल हवी म्हणून अर्ज दिला. कारकून तरुण होता. ‘कशासाठी?’

‘एका मुलीच्या जन्मतारखेसाठी.’

‘मंग जन्माची नक्कल घ्या न. ही तर मयताची हाये.’

‘हीच लागेल.’

त्याने साहेबाला विचारले, साहेबाने माझ्याकडे चष्म्यावरून पाहिले आणि सही केली. परतताना वाटेत बांधावर बसून नक्कल वाचली. नाव, नवऱ्याचे नाव, वय एकवीस, कारण बाळंतपण. मुलाची नोंद निराळी नाही. जन्मला असे धरलेच नाही त्याला. सगळे मिळून एक ओळ.

मला रडू येईल असे वाटले होते. आले नाही. अक्षर बरे होते.

१६ एप्रिल, रविवार

फॉर्म खणातून काढला. रकाना ‘तारीख कशावरून माहीत’. दोनदा कच्चे लिहून फाडले. पहिल्यात ‘विश्वसनीय माहितीवरून’ लिहिले होते. असल्या शब्दांवर तर आजवरची वर्षे काढली.

शेवटी असे लिहिले: ‘दि. १७ एप्रिल १९४५ रोजी माझी पत्नी मथुरा बाळंतपणात मरण पावली. गावची सुईण त्या वेळी तांड्यावर या मुलीच्या जन्मात गुंतली होती. सन १९५३ मध्ये मुलीच्या वडिलांनी मला ही तारीख सांगितली असताना मी जाणूनबुजून १ जुलै नोंदवली. चूक माझी आहे.’

मथुरा. या रोजनिशीत सोळा वर्षे नुसते म. लिहीत आलो. आज फॉर्मवर लिहिले म्हणून इथेही लिहितो. साधे तीन अक्षरांचे नाव.

नोकरीवर येईल का? येऊ शकते. नोंद खोटी लिहिल्याची कबुली आहे. ढोके मास्तरांना दाखवले. वाचून कागद परत केला. मग, ‘शेवटचं वाक्य गाळा, हेडमास्तर. ते नसलं तरी काम होते.’

नाही गाळले.

१७ एप्रिल, सोमवार

सकाळी पोरे फाटकात उभी. एकाने ओरडून विचारले, ‘गुरुजी, आज खडू हायेत का?’ ढोके मास्तर त्याला दटावणार होते. मी म्हणालो, आहेत.

दिनविशेष: आज कु. जमना थावरा राठोड हिला सोळा वर्षे पूर्ण. सातवी पास, तांड्यातील पहिली विद्यार्थिनी.

त्याखाली नवल आणि गंमत या जागा रिकाम्याच ठेवल्या. आणखी एक ओळ लिहायची होती, खडूही टेकवला. पांढरा ठिपका उमटला, तो राहू दिला.

पोस्टमन आला, वाचले, टोपी काढून हातात घेतली आणि पुढे गेला. गणपतने आज काही कोटी केली नाही. गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी मनातल्या मनात हिशेब केला, तो त्यांच्या तोंडावर दिसत होता.

दहाच्या सुमाराला थावरा आणि जमना अर्ज न्यायला आले. जमनाने फळा वाचला. पुन्हा वाचला. बापाकडे पाहिले. थावरा खाली बघत होता, पटका सोडत होता, बांधत होता.

‘गुरुजी, बाले बी ठावी नाई म्हणते. तुमाले येवढी पक्की तारीख कशी काय ठावी?’

मी सांगू लागलो. ‘त्या दिवशी’ एवढेच बाहेर पडले. थावरा चटकन म्हणाला, ‘मोटार निंगून जाईन, चाल.’

पाकीट तिच्या हातात दिले. अर्ज, नक्कल, सगुणामायचा अंगठा, माझा रकाना. म्हणालो, बोरीच्या पोस्टात तूच जाऊन रजिस्टर कर. आणि चिकटवायच्या आधी कागद नीट तपासून घे, तुझेच आहेत.

थावराने माझ्याकडे पाहिले. त्याला कळले.

डिंकाची बाटली टेबलावरच होती. पाकीट मुद्दाम उघडे दिले.

कचेरी काय ठरवील कोण जाणे. माझ्याबद्दलही जे ठरायचे ते ठरेल. दोन्हींची फारशी धास्ती वाटत नाही. ती वाचेल तेव्हा कुठे बसली असेल, पोस्टाच्या पायरीवर की मोटारीत, आणि बापाला काय विचारेल, हे मात्र सकाळपासून डोक्यातून जात नाही. ती जन्मली म्हणून कोणी मेले, असे तिला वाटू नये. हे रकान्यात लिहायला हवे होते. आता सुचते आहे.

मोटार पाचला फाट्यावर परत येते. तांड्याची वाट शाळेवरूनच जाते. उद्याच्या फळ्यासाठी वही उघडून बसलो आहे. आठव्या ओळीपुढे वाचले जात नाही.

चार वाजून दहा मिनिटे.