हेक्टरच्या बैठकीचा खरा इतिहास

तीर्थरूप ग्रिझेलताईस धाकट्या टॉर्क्विलचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे कागदावरच).

तुझी कंबर कशी आहे? ओबनची दमट हवा सोसते का? मी ठणठणीत आहे, पण घाईत लिहितोय, तेव्हा अक्षर सांभाळून घे. तुला ठाऊकच आहे, येत्या शनिवारी किल्ल्यात हेक्टरच्या बैठकीवर तासभर बसायचा मान, घराण्यातला सगळ्यात वडील पुरुष म्हणून, आता माझा. तीस वर्षं वाट पाहिली गं! (अँगसकाका गेले, देव त्यांना शांती देवो, पण ब्याण्णव म्हणजे जरा अतिच झालं.)

तर सोमवारी एडिंबरोहून उत्खननवाल्या डॉक्टर इम्रीबाई आल्या. पडक्या उत्तर भिंतीतल्या त्या कोनाड्यात शिरल्या, बैठकीच्या दगडातल्या भोकातून खाली समुद्र पाहिला आणि म्हणाल्या, "अहो, हा तर शौचकूप!" मी म्हटलं, बाई, इथे आमच्या पूर्वजाने वेढ्यात तीन दिवस बसून प्रार्थना केली. त्यांनी जुना लॅटिन कागदच काढला. त्यात 'बसला' एवढंच आहे. 'प्रार्थनेस' हे आपल्या पणजोबांनी पदरचं घातलं! पुढे लिहिलंय, हेक्टरला शिळी हेरिंग मासळी बाधली होती. किल्ल्याच्या किल्ल्या त्याच्या कमरेला, म्हणजे दार उघडणार कोण? शत्रूचा दूत दाराबाहेरून ओरडला, "शरण येतोस का?" आणि आतून उत्तर आलं, "आत्ता नाही!" (होय ताई, आपल्या निशाणावर सोन्याच्या जरीने भरलेलं तेच.) तिन्ही दिवस तेच उत्तर. शत्रूला वाटलं, गडी भलताच चिवट आहे. वेढा उठला, हेक्टर उठला नाही.

संध्याकाळी गावसभेत हलकल्लोळ. पाद्रीबाबा म्हणाले, सोहळाच रद्द करा. आपला चुलतभाऊ फर्कर (माझ्यानंतर नंबर त्याचा) दात काढत म्हणाला, "टॉर्क्विल, आत गेलास की कडी लाव हो!" मग मात्र मी उभा राहिलो. म्हटलं, धडधाकट असताना किल्ला कोणीही लढवेल, आमच्या माणसाने पोट धरून लढवला! टाळ्या थांबेनात. पाद्रीबाबाही हसले. सोहळा कायम!

तुझा,
टॉर्क्विल

ता. क. खरं काम राहिलंच. त्याच कागदात लिहिलंय की बैठकीवर 'घराण्यातल्या सर्वांत वडील व्यक्तीने' बसावं. पुरुषाने, असं कुठेच नाही. मी त्र्याहत्तरचा. तू चारचौघांत बासष्ट सांगतेस. कृपा करून शनिवारपर्यंत बासष्टचीच राहा.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार तोच फर्कर पत्रक नाचवत आला. मेल्याने चर्चच्या वहीतून तुझी जन्मतारीख काढून गावभर लावली: वय पंचाहत्तर! ताई, खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. पण मग लक्षात आलं, त्या शहाण्याने स्वतःचाच नंबर आणखी एकाने मागे ढकलला! तेव्हा शनिवारी सकाळच्या बोटीने ये. लोकरीचा जाड परकर घाल, भोकातून गार वारा येतो. दाराशी मी उभा राहीन, आणि फर्करने डोकावलं तर आतून काय ओरडायचं ते तुला माहीत आहेच.