दोन चुली, एक मीटर

६ जानेवारी, सोमवार

ठरलं! अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा. शिलाई मशीनवर बसलं की मोबाइल स्टीलच्या डब्यात उभा करायचा अन् गाणी ऐकायची — बास झालं ते. डब्यात आवाज मोठा होतो, पण माणूस विहिरीत बसून गातोय असं वाटतं. माहेरहून आणलेले दोन स्पीकर माळ्यावर धूळ खात पडलेत. त्यांना चालवायला अ‍ॅम्प्लिफायरच पाहिजे.

भीतभीतच ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "घ्यायचा तर मोठाच घे. सगळ्या आळीला कळलं पाह्यजे." मी बघतच राहिले!

७ जानेवारी

स्टेशन रोडला सलीमभाईंच्या दुकानात गेलते. ते रेडिओ, टीव्ही, मिक्सर, सगळं दुरुस्त करतात. तीन नमुने दाखवले. एकावर चक्क लिहिलेलं — ५००० वॅट! आकार आमच्या पोळ्यांच्या डब्याएवढा.

मी म्हणलं, "सलीमभाई, पाच हजार वॅटवर आमची पिठाची गिरणी फिरंल की!"

ते हसले. "भाभी, ते वॅट रंगाचे. डब्यावर छापायला काय जातंय? आवाज न फाटता सारखे किती वॅट देतो ते बघायचं. त्याला आरएमएस म्हणतात. ह्या पाच हजारवाल्याचे असतील पंधरा."

मग त्यांनी एक जुना, काळा, जडशीळ अ‍ॅम्प्लिफायर काढला. डाव्या स्पीकरला तीस वॅट, उजव्याला तीस. गाणं लावलं. तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा आला आणि मी खुर्चीवरून उठलेच! हे गाणं मी शंभरदा ऐकलंय. त्यात डग्गा आहे हे मला आज कळलं.

"आता किती वॅट चाललेत, सांगा बरं?"

मी म्हणलं, वीस तरी असतील.

"स्पीकरपर्यंत एक बी न्हाई पोचत, भाभी. खोलीत एक वॅट म्हंजे लई झाला."

एक वॅट! देवापुढच्या झिरोच्या बल्बापेक्षा कमी. घरी येईपर्यंत डोक्यात तेच. मग बाकीचे एकोणतीस काय बसून असतात?

८ जानेवारी

फोन करून विचारलंच. बसून नसतात. गाण्यात एकदम ढोल वाजला की क्षणभर लागतात. आणि आवाज दुप्पट वाटायचा असेल तर वॅट दुप्पट नाही, दहापट लागतात! म्हणजे तीसच्या जागी साठचा आणला तरी कानाला पुसटसाच फरक. बारावी सायन्सला माझा फिजिक्सचा पेपर लग्नापायी राहिला. हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मांडवातून उठून पेपरला गेले असते.

९ जानेवारी, गुरुवार

आणला! तीस-तीसवालाच. जुना, त्यामुळं त्याला स्वतःचा खोका नव्हता. सलीमभाईंनी दुकानात पडलेल्या दुसऱ्याच एका खोक्यात भरून दिला. ह्यांनी गाडीवरून आणला, अंगणाच्या मधोमध ठेवला आणि तिथंच चहा पीत बसले.

मागच्या पट्टीवर लिहिलंय, वीज १२० वॅट. तीस अन् तीस साठ. मग उरलेले साठ कुठं जातात?

१० जानेवारी

मांजर अ‍ॅम्प्लिफायरच्या झाकणावर जाऊन झोपलं. हात लावून बघितलं तर ऊबदार. उरलेले वॅट सापडले!

११ जानेवारी

लई वाईट दिवस.

सकाळी अक्का तरातरा आल्या. अक्का म्हणजे सत्यभामा, माझी थोरली जाऊ. अंगण एकच, पलीकडच्या तीन खोल्या त्यांच्या. हातात अ‍ॅम्प्लिफायरचा रिकामा खोका, त्यावर बोटाएवढ्या अक्षरात छापलेलं: १००० वॅट.

"पाणी तापवायची काडी हजार वॅटची. मी ती धा मिन्टं लावती अन् लगी काढती. तू दिवसभर काडी लावून गानी ऐकणार व्हय गं?"

मी सांगायला लागले की खोका त्याचा नाही, वॅट तसले नाहीत. ऐकायलाच तयार नाहीत. मग एकदम आवाज बारीक झाला त्यांचा.

"मीटर वेगळं करायचं आसंल तर सरळ सांगा. आसं वाकड्यात शिरून कावून सांगता?"

थोरले भाऊजी जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून चूल वेगळी झाली, दूध वेगळं झालं, किल्ल्या वेगळ्या झाल्या. राहिलंय एक विजेचं मीटर. अजून मामंजींच्या, आप्पांच्याच नावावर आहे. बिल दोन्ही घरांत अर्धं-अर्धं.

"मीटर वेगळं झालं की अंगणात भिंत येती, मोहिनी. शेजारच्या आश्रुबाच्या घरी बघितलं न्हाई का? पोरगं माझं पुण्याला. मी एकटी बाई. भित्तीआड मेले तरी तुला कळायचं न्हाई."

हे ओसरीवरच बसले होते. खोका दुसऱ्याचा आहे हे ह्यांना माहीत होतं. एक शब्द बोलले नाहीत! अक्का गेल्यावर मी चिडले. म्हणाले, "बायकांच्या भांडणात मी कशाला पडू?" मला इतका राग आला की पोळ्या करपवल्या. मुद्दाम नाही. पण वाईटही वाटलं नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. अक्का तिळगूळ उंबऱ्यावर ठेवून गेल्या. गोड बोल म्हणायलासुद्धा थांबल्या नाहीत.

अ‍ॅम्प्लिफायरवर कापड टाकून ठेवलंय.

१६ जानेवारी, गुरुवार

नुसतं सांगून अक्कांना पटणार नाही. दाखवावं लागेल. पण वीज दाखवायची कशी?

आज कपडे वाळत घालताना मीटरकडं बघत उभी राहिले. त्यावर एक लाल ठिपका लुकलुकतो. वीस वर्षं झाली ह्या घरात येऊन, तो कावून लुकलुकतो ते कधी विचारलं नाही. खाली बारीक अक्षरात आकडा आहे — एका युनिटला ३२०० वेळा. अरे देवा! म्हणजे तो मोजत असतो!

बसले कागद घेऊन. एक युनिट म्हणजे हजार वॅट तासभर. तासाचे सेकंद छत्तीसशे. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा आलं: दोन लुकलुकींच्या मधले सेकंद मोजायचे, आणि ११२५ ला त्यानं भागायचं. आले वॅट!

ब्लाउज दोन राहिले शिवायचे. राहू देत. आज मी लई खूश आहे.

१७ जानेवारी

पण अडचण अशी की मीटर दोघींचं. त्यांचा फ्रीज चालू असेल तर माझं मोजमाप चुकणार. म्हणजे अक्कांकडं जाणं आलं. दारात दोनदा जाऊन परत आले. तिसऱ्यांदा त्यांनीच विचारलं, "काय हारवलं गं तुजं?"

सांगितलं. "अर्धा तास तुमचं सगळं बंद करा. हजार निघाले तर अ‍ॅम्प्लिफायर सलीमभाईंना परत."

"खरं?"

"तुमची शप्पथ."

"माजी कावून? सोत्ताची घे!" पण ओठ हलले त्यांचे. हसू दाबत होत्या.

१८ जानेवारी, शनिवार

दोन्ही घरं बंद केली. पंखे, फ्रीज, सगळं. अक्का पाटावर मीटरसमोर, मी मोबाइलवर सेकंद लावून शेजारी. ठिपका गप्प.

दीड मिनिटानं अक्का ओरडल्या, "पेटला!"

मी म्हणलं, काहीतरी चालू आहे. "न्हाई गं बाई, मी टीव्ही बी बंद केलाय की. रिमोटनं." जाऊन बघितलं तर टीव्हीखालचा सेट टॉप बॉक्स गरम! रात्रंदिवस बारा वॅट खातोय. पिन काढली. मग खरा बंद झाला. पाच मिनिटं ठिपका हललासुद्धा नाही.

मग अ‍ॅम्प्लिफायर लावला. मी रोज ऐकते तेवढाच आवाज. मोजले — बासष्ट सेकंद. अठरा वॅट! त्यातले बहुतेक तर झाकण तापवण्यात जातात.

अक्का म्हणाल्या, "आता माजी काडी लाव."

काडी बादलीत टाकली. ठिपका धडधडायला लागला, सेकंदाला एक. अक्का कधी ठिपक्याकडं बघतात, कधी अ‍ॅम्प्लिफायरकडं.

"म्हंजे माजा बंद टीव्ही अन् तुजं चालू गानं... जवळपास सारकंच?"

"जवळपास."

तोंडाला पदर लावून असल्या हसल्या, असल्या हसल्या! चार वर्षांत त्यांना इतकं हसताना बघितलं नव्हतं. मग म्हणाल्या, "मी उगंच तुला बोलले गं." मला रडूच आलं. मी पण म्हणलं, मी आधी येऊन सांगायला पाहिजे होतं.

१९ जानेवारी

अक्का दुपारी निवडायच्या शेंगा घेऊन माझ्याकडंच आल्या. गाणं लावलं. थोड्या वेळानं म्हणतात, "त्या पेटीवाल्याचा हात काय गोड हाय." शेंगा तशाच राहिल्या.

जेवताना ह्यांना सगळं सांगितलं — बासष्ट सेकंद, बारा वॅट, काडी. म्हणलं, आता मीटर वेगळं व्हायची भीती गेली, अक्कांचा जीव भांड्यात पडला. हे "बरं" म्हणाले आणि ताटातलं वरण कालवत राहिले. कौतुक म्हणून नाही ह्या माणसाला!

२० जानेवारी

अक्कांनी सेट टॉप बॉक्सला वेगळं बटण बसवून घेतलं. येईल त्याला दाखवतात. आता गावभर वॅट शिकवत फिरतील.

२२ जानेवारी, बुधवार

दुपारी लाइनमन आला. हातात नवीन मीटर अन् एक अर्ज. अक्का माझ्याच ओसरीवर होत्या. त्यांचा चष्मा घरात, म्हणून अर्ज मीच वाचून दाखवला. वेगळं मीटर मिळावं. अर्जदार तानाजी — आमचे हे. तारीख ११ नोव्हेंबर. तेव्हा अ‍ॅम्प्लिफायर माझ्या डोक्यातसुद्धा नव्हता. 'मोठाच घे' कशाला म्हणाले, ते आत्ता कळलं. तारखेसकट वाचलं. लपवलं नाही.

अक्कांनी माझा हात घट्ट धरला.

"भिंतीला भोक पाडायचंय. घरातलं कोण हाय सही करायला?" लाइनमननं विचारलं.

आम्ही दोघी त्याच्यासमोर उभ्या. मी म्हणलं, "घरी कुणी न्हाई."