आत्याच्या कथेत सगळे ओरडतात

३ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी नवी विज्ञानकथा वाचली. मंगळावरची शाळा झकास आहे, पण यात सगळेच ओरडतात गं! बाई ओरडतात, मुलं ओरडतात, फळा पुसणारं यंत्रसुद्धा ओरडतं. एरवी तू प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचून, कानाने तपासून मगच पुढे जायचीस. आता ऐकूच येत नाही, त्याचा हा परिणाम. तीनशे वर्षं पुढचं लिहितेस आणि मोबाइलवरचा निरोप वाचायला नको म्हणतेस, म्हणून हा पत्रांचा खटाटोप.

तुझं कानामागचं यंत्र धडधाकट आहे. नवं मॉडेल खपावं म्हणून कंपनीने जुनी सगळी दूर बसून बंद केली. आमचं दुरुस्ती मंडळ कंपनीने आत घातलेलं कुलूप उघडू बघतंय, पण त्यासाठी एक यंत्र फोडावं लागेल आणि ते कायमचं जाऊ शकतं. द्यायला कुणी धजत नाही. तुला मात्र कंपनी नवं फुकट देतेय, आमच्या बाजूने काही लिहिलं नाहीस तर. आत्या, घेऊन टाक.

रागावलीस तरी लोभ असू दे.
तुझी ठिणगी

१० मार्च

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

स्वतः फलक धरून कंपनीच्या दारात उभी राहतेस आणि आत्याला मागच्या दाराने आत ढकलतेस होय? शहाणीच आहेस. त्यांचा माणूस येऊन गेला. चहा पाजून वाटेला लावला.

सोबत माझं यंत्र पाठवतेय, लोकरी मोज्यात गुंडाळून. खुशाल फोडा. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? तुझं हसणं कसं होतं ते विसरून जाईन की काय, असं वाटतं. तरीही फोड. बाकीचे किती दिवस वाट बघणार?

वेळेवर जेवत जा.
आत्या

२ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

कुलूप उघडलं! कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंना शिलाई मशीन ऐकू आलं, त्या रडल्याच. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या आजोबांची दोन्ही कानांची यंत्रं सुरू झाली. हळूहळू सगळ्यांची होतील.

फक्त तुझं गेलं. कुलूप कसं उघडतं ते कळेपर्यंत आतली पट्टी जळली होती. माझ्याच हातून जळली, आत्या. सगळे नाचत होते आणि मी जिन्यात बसून रडत होते. हे मॉडेल आता बनतही नाही. तुझ्यासमोर कुठल्या तोंडाने येऊ?

माया पातळ होऊ देऊ नकोस.
ठिणगी

१४ एप्रिल

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

रडूबाई, डोळे पूस. परवा ते घड्याळवाले आजोबा तुमच्या मंडळातल्या ताईला घेऊन घरी आले. एका कानाचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि कागदावर लिहिलं, की टिकटिक ऐकायला मला एक कान पुरतो. मी नको नको म्हणू लागले, तर त्यांनी दुसऱ्या कानाचंही काढून ठेवलं, म्हणजे माझं ऐकायलाच नको! ताईने ते एक माझ्या कानाला जुळवून दिलं. तुला सांगायचं नाही, असं तिला मीच बजावलं.

मग कथा मोठ्याने वाचली. अगं, खरंच सगळे ओरडतायत! एकेकाला गप्प बसवलं. आता ते फळा पुसणारं यंत्र शेवटी एका मुलीच्या कानात हळूच काहीतरी सांगतं. काय, ते अजून सुचायचंय.

या पत्राला उत्तर लिहू नकोस, फोन कर. आधी हस, मग बोल. आणि ओरडू नकोस, मला ऐकू येतं.

आत्या